वाचक विचारतात : लिनक्सवर लेझर प्रिंट काळवंडते, तुटते, पुसट येते, असे का?

या वेळच्या पत्रांचे दुखणे एकच आहे. प्रिंटर धडधाकट, विंडोजवर छपाई नीट, लिनक्सवर मात्र काहीतरी बिनसते. म्हणून सगळी उत्तरे एकत्र देत आहोत. टर्मिनलमधल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत लिहाव्यात आणि जिथे वेगळे सांगितले नसेल तिथे लहान अक्षरांत. 'कप्स' म्हणजे लिनक्समधली छपाईची व्यवस्था. तिचे पान ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' या पत्त्यावर उघडते.

प्रश्न : लेझरजेट १०२० प्लस विंडोजवर फोटो बरे छापतो. उबंटूवर तोच फोटो काळाकुट्ट येतो, चेहऱ्यावर जाळी दिसते. टोनर बदलून पाहिला. – सांगली

टोनर बदलायची गरज नव्हती. १०२० हा होस्ट-बेस्ड जातीचा प्रिंटर आहे. त्याला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही आणि पीसीएलही कळत नाही. पानावर काय कुठे काढायचे हे प्रिंटरला सांगण्याच्या या भाषा. 'हे अक्षर इथे काढ, हा फोटो तिथे लाव' असे सांगून भागत नाही. पानावरचा प्रत्येक ठिपका काळा की कोरा हे संगणकाने आधीच ठरवून पाठवायचे आणि प्रिंटरने तो जसाच्या तसा उमटवायचा. त्यामुळे या जातीत छपाईचा दर्जा म्हणजे बराचसा ड्रायव्हरचा दर्जा.

फोटोचे गणित असे. लेझर प्रिंटरकडे राखाडी टोनर नसतो. ठिपका असतो किंवा नसतो. राखाडी छटेसाठी ठिपक्यांचे पुंजके करून जाळी पाडावी लागते. छापखान्यात यालाच हाफटोन किंवा स्क्रीन म्हणतात. ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ८×८ ठिपक्यांचा चौकोन घेतला, तर कोऱ्यासकट ६५ छटा मिळतात, पण जाळी इंचाला ७५ ओळींची होते. चौकोन लहान केला तर जाळी बारीक होते आणि छटा घटतात. ४×४ चा चौकोन इंचाला १५० ओळी देतो, पण छटा उरतात फक्त १७, मग कपाळावर पट्टे दिसू लागतात. वर्तमानपत्रातली जाळी साधारण ८५ ते १०० ओळींची असते, यावरून अंदाज येईल. ही तडजोड कुठे करायची ते ड्रायव्हर ठरवतो.

उत्पादकाच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये त्या विशिष्ट इंजिनासाठी छटांची दुरुस्ती आधीच भरलेली असते. ती लागते, कारण टोनरचा ठिपका कागदावर पसरतो आणि शेजारच्या ठिपक्याला जाऊन चिकटतो. संगणकातली ५० टक्के राखाडी कागदावर त्याहून बरीच गडद दिसते, ८० टक्के तर काळीच. लिनक्सवर १०२० साठी दोन वाटा आहेत : एचपीचेच ड्रायव्हर-पॅकेज एचपीलिप, किंवा फू-टू-झेडजेएस हा मुक्त ड्रायव्हर. दुसऱ्या वाटेवर पानाचे ठिपके घोस्टस्क्रिप्ट नावाचा प्रोग्रॅम पाडतो. फू-टू-झेडजेएस ते फक्त जेबिग पद्धतीने दाबून प्रिंटरच्या भाषेत गुंडाळतो. घोस्टस्क्रिप्टला तुमच्या प्रिंटरचा टोनर किती पसरतो हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तुमचा काळवंडलेला चेहरा तिथून येतो.

आता करायचे काय? आधी मोजा. लिबरऑफिस ड्रॉमध्ये ११ चौकोन काढा आणि त्यांत ० ते १०० टक्के राखाडी १०-१० च्या टप्प्याने भरा. छापा, आणि कोणत्या चौकोनापासून पुढचे सगळे सारखेच काळे दिसतात ते पाहा. ७० पासूनच काळे असेल तर फोटो छापण्यापूर्वी जिंप या चित्र-संपादकात 'कलर्स', मग 'लेव्हल्स' उघडून मधला आकडा १ वरून १.४ करा. टोकाचा काळा आणि पांढरा हलवू नका. तो हलवला की केस आणि सावल्या फिक्या पडतात आणि फोटो धुतल्यासारखा दिसतो. बहुतेक वेळा १.३ ते १.५ मध्ये काम भागते. रिफिल केलेल्या काडतुसात टोनर जाडसर असेल तर थोडे अधिक लागेल.

ड्रायव्हरची जाळी नको वाटत असेल तर ती स्वतः पाडा. जिंपमध्ये चित्राचे रिझोल्यूशन ६०० करून छापायच्या मापात आणा. १० सेंमी रुंद फोटोसाठी २३६२ पिक्सेल लागतात. चित्र ग्रेस्केल करून 'फिल्टर्स'मधल्या 'डिस्टॉर्ट्स'खाली 'न्यूजप्रिंट' निवडा, रंगपद्धत 'ब्लॅक ऑन व्हाइट', पिरियड ८, कोन ४५ अंश. पिरियड ८ म्हणजे वर सांगितलेली ७५ ओळींची जाळी. शेवटी 'थ्रेशोल्ड' लावा, म्हणजे एकही राखाडी पिक्सेल उरणार नाही आणि ड्रायव्हरला जाळी पाडायला काही शिल्लकच राहणार नाही. छापताना 'एलपी -ओ पीपीआय=६००' असे सांगून मूळ मापातच छापा. मापात एक टक्का जरी फरक पडला तरी तुमच्या जाळीवर ड्रायव्हरची दुसरी जाळी बसते आणि लाटालाटांची नक्षी उमटते.

काही जण न्यूजप्रिंटऐवजी फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीने ठिपके विखुरतात. इंकजेटला ते शोभते. लेझरला नाही. सुटा एकटा ठिपका ड्रमवर नीट धरत नाही, कधी उमटतो, कधी गळतो, आणि राखाडी भाग खरबरीत, मळकट दिसतो. लेझरला पुंजक्याचा ठिपकाच मानवतो.

एक इशारा. एचपीलिप आणि फू-टू-झेडजेएस एकाच वेळी ठेवू नका. १०२० च्या पोटात कायमचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, नसते. प्रत्येक वेळी तो सुरू केला की संगणकाने ते त्यात भरावे लागते. दोन्ही पॅकेजे ते भरायला धावतात आणि प्रिंटर मध्येच मुका होतो. एचपीलिप वापरत असाल तर 'एचपी-प्लगइन' ही आज्ञा चालवावी लागते. सिस्टीम अपडेटमध्ये एचपीलिपची आवृत्ती बदलली की जुने प्लगइन जुळत नाही, तेव्हा ती पुन्हा चालवा. 'काल चालत होता, आज अपडेटनंतर बंद' या तक्रारीचे कारण बहुधा हेच निघते.

प्रश्न : शाळेत प्रश्नपत्रिका लिनक्सवर छापतो. मराठी मजकुराची शिरोरेषा मध्येमध्ये तुटते, एका ओळीत जाड तर दुसऱ्या ओळीत बारीक दिसते. इंग्रजी मजकूर ठीक आहे. – रत्नागिरी जिल्हा

देवनागरी इथे खरी परीक्षा घेते. इंग्रजी अक्षराची एखादी कड सुटली तर नजर ती भरून घेते. शिरोरेषा ही पानभर आडवी जाणारी बारीक पट्टी आहे, तिच्यात एका ठिपक्याचा फरकही डोळ्यात भरतो. समजा १० पॉइंटच्या फाँटमध्ये शिरोरेषेची जाडी ०.६ पॉइंट आहे. ६०० डीपीआयवर ती बरोबर ५ ठिपके भरते. ३०० वर अडीच. अर्धा ठिपका छापता येत नाही, म्हणून एका ओळीत २ आणि दुसरीत ३ ठिपके येतात. तुम्हाला दिसते ती जाड-बारीक शिरोरेषा हीच.

तेव्हा पहिले काम म्हणजे ड्रायव्हर ३०० वर बसला आहे का ते बघणे. कप्सच्या पानावर तुमचा प्रिंटर निवडा, 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स' उघडा आणि रिझोल्यूशन ६०० करा. टर्मिनल आवडत असेल तर 'एलपीऑप्शन्स -पी' पुढे प्रिंटरचे नाव आणि शेवटी '-एल' लिहा. सगळे पर्याय दिसतात, चालू असलेल्यापुढे तारा असतो.

दुसरे कारण टोनर बचत. शाळेत कोणीतरी हा पर्याय सुरू करून ठेवलेला असतोच! फू-टू-झेडजेएसमध्ये बचत म्हणजे दर दुसरा ठिपका कोरा. भरीव काळी पट्टी बुद्धिबळाच्या पटासारखी होते आणि शिरोरेषा ठिपक्याठिपक्यांची दिसते. झेरॉक्स काढल्यावर ती आणखी तुटते. ज्या कागदाच्या पुढे प्रती निघणार आहेत तो मूळ कागद बचतीत कधीच छापू नये. वाचवलेला टोनर झेरॉक्सवाल्याच्या गडद बटणात जातो.

तिसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मजकूर खरोखर काळा आहे का? संकेतस्थळांवरून उचललेला किंवा कोणीतरी पाठवलेला मजकूर अनेकदा गडद राखाडी असतो. पडद्यावर तो काळाच वाटतो. ड्रायव्हर मात्र प्रामाणिकपणे ८० टक्के राखाडीची जाळी पाडतो आणि प्रत्येक अक्षराची कड करवतीसारखी होते. लिबरऑफिस रायटरमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लिबरऑफिस रायटर', 'प्रिंट' इथे 'प्रिंट टेक्स्ट इन ब्लॅक' वर खूण करा. निळी शीर्षके, लाल सूचना, सगळे भरीव काळे छापले जाईल.

पीडीएफ असेल तर घोस्टस्क्रिप्टच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मजकूर काळा करणारा पर्याय आहे. आज्ञा अशी : 'जीएस -ओ नवी.पीडीएफ -एस-डिव्हाइस=पीडीएफराइट -डी-ब्लॅकटेक्स्ट जुनी.पीडीएफ'. इथे 'डिव्हाइस' हा शब्द संपूर्ण मोठ्या अक्षरांत, 'ब्लॅकटेक्स्ट'मधले बी आणि टी मोठे, आणि एस व डी ही अक्षरे पुढच्या शब्दाला जोडून, मधली जोडरेघ सोडून लिहायची.

प्रश्न : जाड कागदावर छापलेली निमंत्रणे बोटाने घासली की अक्षरे पुसतात. – नाशिक

ड्रायव्हरला कागद जाड आहे हे सांगितलेले नाही. 'मीडिया टाइप' मधून प्रिंटरला फ्यूजर (टोनर कागदावर भाजून पक्का करणारा भाग) किती तापवायचा आणि कागद किती सावकाश न्यायचा हे कळते. लिनक्सवर हा पर्याय 'प्लेन' वरच राहतो, कारण छपाईच्या छोट्या खिडकीत तो समोर येत नाही. तो 'हेवी' किंवा 'कार्डस्टॉक' करा आणि कागद पुढच्या एकपानी खाचेतून एकेक घाला. कागदाचे वजनही बघा. लहान लेझर प्रिंटरांची मर्यादा बहुधा १६३ ग्रॅमच्या आसपास असते, त्यावरचा कागद कोणत्याही सेटिंगने नीट भाजला जात नाही. इंकजेटचा चकचकीत कागद किंवा साधे प्लास्टिक लेबल मात्र घालूच नका. फ्यूजर साधारण २०० अंश सेल्सियसला असतो. लेप वितळून रोलरला गुंडाळला गेला तर प्रिंटरच दुरुस्तीला जाईल.

प्रश्न : दोष ड्रायव्हरचा की काडतुसाचा, हे ओळखायची खूण सांगा. – लातूर

ज्या प्रिंटरवर बटण आहे त्याचे स्वतःचे चाचणी-पान काढा. ते प्रिंटरच्या आतून येते, त्यात संगणकाचा हात नसतो. दोष त्या पानावरही असेल तर ड्रायव्हर निर्दोष. उभे पांढरे पट्टे, एका बाजूला फिकेपणा, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारा डाग, हे ड्रायव्हर करू शकत नाही. डागांमधले अंतर पट्टीने मोजा. १२ए किंवा कॅनन ३०३ काडतुसात ते ७५ ते ७६ मिमी भरले तर ड्रमवर ओरखडा आहे, कारण ड्रमचा परीघ तेवढाच आहे.

उलट, फक्त फोटो वाईट आणि मजकूर छान, एका प्रोग्रॅममधून खराब आणि दुसऱ्यातून चांगले, ठरावीक पीडीएफच बिघडते, अशा तक्रारींत काडतुसाला हात लावू नका. तिथे शोध सॉफ्टवेअरमध्ये घ्या. 'कप्ससीटीएल --डिबग-लॉगिंग' ही आज्ञा देऊन एकदा छापा आणि कप्सच्या 'एरर लॉग' मध्ये कोणकोणते फिल्टर (फाइलचे रूपांतर करणारे छोटे प्रोग्रॅम) चालले ते वाचा. काम झाले की '--नो-डिबग-लॉगिंग' देऊन बंद करा, नाहीतर ती फाइल फुगत जाते.

प्रश्न : फोटो असलेले पान १२०० वर छापले की अर्ध्यातच संपते, उरलेला कागद कोरा. – पणजी

प्रिंटरची स्मृती (मेमरी) अपुरी पडते. ए-४ पान ६०० डीपीआयवर म्हणजे ४९६०×७०१६ ठिपके, सुमारे ३ कोटी ४८ लाख. न दाबता ते ४.३५ एमबी होते. १२००×६०० वर त्याच्या दुप्पट. १०२० सारख्या प्रिंटरात स्मृती २ एमबी. साधा मजकूर दाबला की अगदी छोटा होतो म्हणून निभावते, पण जाळीदार फोटो नीट दाबला जात नाही, त्यात कोऱ्या सलग जागाच नसतात. आणि लेझर इंजिनाने एकदा कागद ओढला की मध्ये थांबून उरलेल्या माहितीची वाट पाहता येत नाही. अशी पाने ६०० वर छापा. फोटोत १२०० ने पडणारा फरक भिंगाशिवाय दिसणे कठीण.

प्रश्न : पतसंस्थेत पोस्टस्क्रिप्टवर चालणारे मोठे यंत्र आहे. ज्या पीडीएफच्या पार्श्वभूमीला फिकट चिन्ह असते तिचा मजकूर पुसट येतो आणि एकेक पान मिनिटभर घेते. बाकीच्या पीडीएफ झटपट व सुबक. – कोल्हापूर

ते फिकट चिन्ह पारदर्शक असते. पोस्टस्क्रिप्ट भाषेत पारदर्शकता नाहीच. म्हणून पीडीएफचे पोस्टस्क्रिप्ट करताना त्याखालचा भाग, आणि अनेकदा सबंध पान, चित्रात बदलले जाते. मग तुमचा मजकूर अक्षरे न राहता अक्षरांचा फोटो होतो. फोटोचा आकार मोठा म्हणून वेळ, आणि त्याचे रिझोल्यूशन कमी म्हणून पुसटपणा.

हे रूपांतर कप्स-फिल्टर्स करते आणि त्यासाठी तिच्याकडे अनेक साधने आहेत. नेहमीच्या 'हायब्रिड' पद्धतीत बहुतेक यंत्रांना घोस्टस्क्रिप्ट मिळतो, पण ब्रदर, मिनोल्टा आणि कोनिका मिनोल्टा या नावांना पॉपलर या पीडीएफ-साधनसंचातला 'पीडीएफटूपीएस'. त्या साधनाचे स्वतःचे गृहीत ३०० डीपीआय आहे, तेव्हा आधी पीपीडीत 'डिफॉल्ट रिझोल्यूशन' ६०० लिहिलेले आहे ना ते पाहा. पीपीडी म्हणजे त्या प्रिंटरच्या क्षमतांची साधी मजकूर-फाइल, ती 'ईटीसी' खालच्या 'कप्स' मधल्या 'पीपीडी' फोल्डरात असते.

मग साधन बदलून पाहा : 'एलपीअ‍ॅडमिन -पी' पुढे रांगेचे (कप्समधल्या प्रिंटरच्या नोंदीचे) नाव, त्यापुढे '-ओ पीडीएफटूपीएस-रेंडरर-डिफॉल्ट=जीएस'. 'जीएस' च्या जागी 'पीडीएफटूपीएस' किंवा 'पीडीएफटूकायरो' हेही चालतात. कोणते सरस ठरेल ते यंत्रावर आणि पीडीएफवर अवलंबून आहे, तीनही छापून बघितल्याशिवाय कळत नाही. चालू रांगेला धक्का न लावता त्याच यंत्रासाठी दुसऱ्या नावाने नवी रांग जोडा आणि प्रयोग तिच्यावर करा. सकाळी काउंटरवर गर्दी असताना मूळ रांग शाबूत असलेली बरी.

यंत्राला पीसीएल एक्सएल हा पीसीएलचा प्रकार येत असेल तर आमचे मत सरळ तिकडे वळायचे. ड्रायव्हरच्या यादीत 'पीएक्सएलमोनो' निवडा. पीडीएफ घोस्टस्क्रिप्ट स्वतः वाचतो, पारदर्शकतेचा हिशेब छपाईच्या खऱ्या रिझोल्यूशनवर होतो, मधले पोस्टस्क्रिप्टचे वळणच टळते. गमवाल ते यंत्राचे खास पर्याय, म्हणजे स्टेपल, पासवर्डने छपाई वगैरे. ते लागत असतील तर दोन रांगा ठेवा.

प्रश्न : मालाच्या लेबलांवरचे बारकोड लेझरवर छापतो. दिसायला सुरेख, पण स्कॅनर काही लेबले वाचत नाही. – भिवंडी

पहिला संशय कागदाच्या मापावर घ्या. लिनक्स बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजी निवडली की कागद 'लेटर' गृहीत धरला जातो. ए-४ ची उंची २९७ मिमी, लेटरची २७९. 'पानात बसव' हा पर्याय चालू असेल तर सगळे पान ९४ टक्क्यांवर आकसते. कप्समध्ये 'पेज साइज' ए-४ करा, आणि 'ईटीसी' मधल्या 'पेपरसाइज' फाइलीत 'ए४' लिहा. छापताना पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'पेज स्केलिंग' 'नन' ठेवा. टर्मिनलमधून छापत असाल तर '-ओ प्रिंट-स्केलिंग=नन'.

दुसरी बाब ठिपक्यांची. ईएएन-१३ (दुकानातल्या मालावरच्या नेहमीच्या १३ अंकी) बारकोडाची सर्वांत बारीक रेघ १०० टक्के मापात ०.३३ मिमी असते. ६०० डीपीआयचा ठिपका ०.०४२३ मिमी. म्हणजे रेघ ७.८ ठिपक्यांची. छापताना ती कुठे ७, कुठे ८ होते. रेघांचे परस्पर प्रमाण बिघडले की स्कॅनर गोंधळतो. ३०० वर तर ३ की ४ असा प्रश्न, म्हणजे चूक एक चतुर्थांशाची. उपाय असा की बारीक रेघेची जाडी पूर्ण ठिपक्यांत निवडा : ८ ठिपके म्हणजे ०.३३९ मिमी, ७ म्हणजे ०.२९६. बारकोड बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा देता येतो.

बारकोड जेपीईजी करू नका. त्याच्या कडांना राखाडी किनार येते आणि तिची जाळी पडते. एसव्हीजी किंवा पीडीएफ ठेवा. ६०० वर नेमके छापूनही वाचत नसेल तर टोनरची घनता एक पायरी कमी करा. रेघा फुगून मधली पांढरी जागा गिळत असतील.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर प्रिंट सर्व्हर करायचा आहे. घरात ब्रदरचा साधा मोनो लेझर आहे, दुकानात कॅनन एलबीपी २९००. दोन्ही चालतील का? – ठाणे

ब्रदर चालेल. उत्पादकाचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला असतो, पायच्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवर तो चालत नाही. पण 'बीआरलेझर' हा मुक्त ड्रायव्हर पायवर नीट बसतो. यादीत नेमके मॉडेल नसेल तर बीआरलेझरच्या नोंदींपैकी नावाने जवळचे निवडून बघा. मजकूर उत्तम येतो. फोटोची जाळी इथेही आधी घोस्टस्क्रिप्टने पाडलेली असते, तेव्हा सांगलीच्या वाचकांना दिलेले उत्तर तुम्हालाही लागू. सर्व्हरवरच्या रांगेत टोनर बचत आधी बंद करा, नाहीतर घरातला प्रत्येक संगणक तीच सेटिंग उचलतो.

कॅनन २९०० चे तसे नाही. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. अधिकृत ड्रायव्हर इंटेलसाठी आहे, त्यातही ६४-बिट सिस्टीमवर ३२-बिट लायब्रऱ्या बसवाव्या लागतात, आणि कप्सखेरीज 'सीसीपीडी' नावाची सेवा चालू ठेवावी लागते. ती सुरू नसेल तर काम रांगेत दिसते, कागद मात्र हलत नाही. पायसाठी 'कॅप्टड्रायव्हर' हा मुक्त प्रकल्प आहे, त्यात २९०० चालतो, पण तो अजून प्रयोगाच्या अवस्थेतला समजा. दुकानातल्या बिलांसाठी त्यावर विसंबू नका. एखादा जुना इंटेल लॅपटॉप सर्व्हर म्हणून ठेवणे सोपे पडेल.

प्रश्न : नवा वाय-फाय लेझर घेतला. लिनक्सने तो ड्रायव्हर न मागता स्वतःच जोडला. छपाई होते, पण अक्षरे जुन्या प्रिंटरपेक्षा मऊ, कडा धूसर. – पुणे

नव्या प्रिंटरांना एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर या ड्रायव्हरविना छापायच्या पद्धती कळतात. संगणक प्रिंटरलाच विचारतो, 'तुला काय काय जमते?', आणि उत्तरावरून पर्यायांची यादी बनवतो. मोठा फायदा असा की संगणक राखाडी छटांसकट पान पाठवू शकतो आणि जाळी प्रिंटर स्वतःच्या इंजिनाप्रमाणे पाडतो. फोटो त्यामुळे पुष्कळ सुधारतात.

खोट रिझोल्यूशनमध्ये आहे. प्रिंटर 'मला ३०० ते ६०० जमते' असे सांगतो, तेव्हा आपोआप बनलेल्या यादीत अनेकदा 'ड्राफ्ट' आणि 'नॉर्मल' या दोन्हींना ३०० मिळते आणि ६०० फक्त 'हाय' ला. म्हणजे तुम्ही नॉर्मलवर छापता तेव्हा ३०० वर छापत असता. कप्समध्ये प्रिंटरच्या डिफॉल्टमध्ये 'प्रिंट क्वालिटी' 'हाय' करा आणि ८ पॉइंटच्या मराठी मजकुराचे एक पान आधीच्या पानाशेजारी धरून बघा. फरक अनुस्वार आणि रफारात आधी दिसेल.

तरीही धूसर असेल तर त्याच प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट येते का ते माहितीपत्रकात 'प्रिंटर लँग्वेज' या ओळीत बघा आणि त्या ड्रायव्हरने दुसरी रांग जोडा. या ओळीत फक्त 'होस्ट-बेस्ड' किंवा 'जीडीआय' असेल आणि एअरप्रिंटही नसेल, असा प्रिंटर लिनक्ससाठी आज नवा विकत घेऊ नये. कप्सच्या येऊ घातलेल्या तिसऱ्या पिढीत पीपीडी आणि जुन्या धाटणीचे ड्रायव्हर काढून टाकले जाणार आहेत. जुन्या यंत्रांसाठी 'प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन' नावाचे छोटे प्रोग्रॅम मध्यस्थी करतील. एचपीलिप आणि घोस्टस्क्रिप्ट यांचे तसे प्रोग्रॅम ओपनप्रिंटिंग या लिनक्स-छपाईच्या प्रकल्पाने तयारही केले आहेत. ज्यांच्या घरी १०२० अजून ठणठणीत आहे त्यांनी सिस्टीमची पुढची मोठी आवृत्ती चढवण्याआधी आपल्या रांगेची पीपीडी फाइल आणि 'एलपीऑप्शन्स -एल' चे उत्तर एका पेनड्राइव्हवर काढून ठेवावे, म्हणजे कोणता पर्याय कशावर होता ते पुन्हा शोधत बसावे लागणार नाही.